खाल्लेले अंगी का लागत नव्हते? स्टॉकहोमच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

१९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का इस्पितळात रॉल्फ लुफ्ट या अंतःस्रावतज्ज्ञ डॉक्टरांकडे एक स्त्री उपचारासाठी आली. वय तिशीतले, उंची १५९ सेंटिमीटर आणि वजन अवघे ३८ किलो. आहार मात्र दिवसाला ३,००० किलोकॅलरींच्या वर. एवढे खाऊनही वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. अंगाला सतत घाम, सतत तहान, पण पाणी भरपूर पिऊनही लघवी वाढलेली नाही. अंगात ताकद नाही. आणि हे सगळे वयाच्या सातव्या वर्षापासून चालू होते.

आपल्याकडे अशा माणसाबद्दल घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’. मग जंताचे औषध होते, पचन सुधारायचे काढे होतात, रक्त तपासून होते. या बाईंच्या बाबतीत पचनाची काहीच तक्रार नव्हती. अन्न पचत होते, पेशींपर्यंत पोचत होते आणि तिथे जळतही होते. बिघाड त्याच्याही पुढच्या पायरीवर होता. १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’ या नियतकालिकात हे प्रकरण सविस्तर छापून आले, आणि पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, बिघडल्याने माणूस आजारी पडू शकतो हे पहिल्यांदाच पुराव्यानिशी समोर आले. वैद्यकाच्या इतिहासात त्याचे स्थान त्यासाठी आहे. मला मात्र हे प्रकरण जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे वाटते ते वेगळ्या कारणाने. ग्लुकोज अधिक ऑक्सिजन बरोबर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा, हे समीकरण आपण पाठ करतो. त्या ऊर्जेचे पुढे काय होते आणि ती किती वेगाने सुटावी हे कोण ठरवते, याबद्दल समीकरण गप्प आहे. या एका शरीरात नेमके तेच उघडे पडले.

पहिला संशय थायरॉइडवर

त्या काळी चयापचयाचा वेग मोजायची सरळ पद्धत होती. रुग्णाला सकाळी उपाशीपोटी, शांत पडून असताना नळीतून श्वास घ्यायला लावायचा आणि मिनिटाला किती ऑक्सिजन खर्च होतो ते पाहायचे. अन्न जळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून ऑक्सिजनचा खर्च कळला की ऊर्जेचा खर्च कळतो. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ४.८ किलोकॅलरी सुटतात. या रुग्णाचा मूलभूत चयापचय दर सामान्यापेक्षा सुमारे १८० टक्क्यांनी जास्त भरला. म्हणजे स्वस्थ पडून असतानाही सामान्याच्या जवळजवळ पावणेतीनपट.

एवढा दर दिसला की कोणताही डॉक्टर आधी थायरॉइडकडे बोट दाखवेल. ती ग्रंथी जोरात चालली की घाम, भूक, उष्णता सहन न होणे, वजन घटणे ही सगळी लक्षणे येतात. पण थायरॉइडच्या चाचण्या सामान्य आल्या. वेग वाढवणारा हुकूम बाहेरून येत नव्हता.

आकडे जरा जवळून पाहू, कारण ते एकमेकांशी चकित करावे इतके जुळतात. एवढ्या उंची-वजनाच्या, तिशीतल्या स्त्रीला नुसते जिवंत राहायला दिवसाला अंदाजे १,१०० किलोकॅलरी पुरतात. त्याच्या २.८ पट केली तर साधारण ३,१००. ती जेवढे खात होती तेवढेच हे झाले. म्हणजे तिचा सगळा आहार केवळ स्वस्थ पडून राहण्यात संपत होता. ऑक्सिजनच्या भाषेत सांगायचे तर मिनिटाला १६० मिलिलिटर पुरायला हवा होता, तिथे साडेचारशेच्या आसपास लागत होता. आता वरच्या २,००० किलोकॅलरींचे काय? त्या उष्णता होऊन बाहेर पडल्या पाहिजेत, नाहीतर शरीर तापत जाईल. त्वचेवरून एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. ही जादा उष्णता सगळी घामावाटे काढायची तर रोज तीन लिटरांहून जास्त घाम वाळायला हवा. तहान का होती आणि प्यायलेले पाणी लघवीत का उतरत नव्हते, हे या एका भागाकारात दिसते. डॉक्टरांसमोर लक्षणांची लांबलचक यादी होती, पण मुळात ते एकच लक्षण होते: पेशींतली आग गरजेपेक्षा मोठी पेटलेली होती.

अन्न जाळणे आणि काम करवून घेणे

लुफ्ट यांनी इथून पुढे जो तर्क केला तो समजायला पेशीत काय घडते ते थोडे उकलून पाहावे लागेल.

ग्लुकोजचा एक रेणू पेशीद्रवात आधी अर्धा तुटतो. त्यातून पायरुव्हेटचे दोन रेणू आणि एटीपीचे, म्हणजे पेशी आपली कामे ज्या ऊर्जेवर चालवते ती वाहून नेणाऱ्या रेणूचे, निव्वळ दोन रेणू मिळतात. याला ऑक्सिजन लागत नाही. पायरुव्हेट मग तंतुकणिकेत शिरते आणि क्रेब्स चक्रात त्याचा उरलासुरला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. या सगळ्या मोडतोडीत निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएचसारखे वाहक उचलतात आणि तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या रांगेला देतात. इलेक्ट्रॉन रांगेतून खाली उतरत शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. उतरताना सुटलेल्या ऊर्जेवर ही प्रथिने प्रोटॉन पटलाच्या आतून बाहेर ढकलतात. बाहेर प्रोटॉन साठतात, त्यांना परत आत यायचे असते, आणि सरळ वाट एकच असते: एटीपी सिंथेज हे फिरणारे एन्झाइम. प्रोटॉन त्यातून आत येतात, ते फिरते, एडीपीला फॉस्फेट जोडले जाते आणि एटीपी बनते. एका ग्लुकोजमागे एकंदर ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतला ३८ हा आकडा प्रत्यक्षात गाठला जात नाही, कारण पटलातून पदार्थ आत-बाहेर करायलाही प्रोटॉन खर्ची पडतात.

म्हणजे इथे दोन वेगळी कामे आहेत. अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेणे हे पहिले. त्या प्रवाहातून एटीपी करून घेणे हे दुसरे. निरोगी पेशीत ती इतकी घट्ट जोडलेली असतात की एक थांबले की दुसरे थांबते. आणि या जोडणीमुळेच वेगावर ताबा राहतो. स्नायू निवांत असला की एटीपी खर्च होत नाही, म्हणून एडीपी तयार होत नाही. एडीपी नाही म्हणून सिंथेज फिरत नाही, प्रोटॉन बाहेर तुंबतात, त्या दाबापुढे आणखी प्रोटॉन ढकलणे अवघड होते आणि इलेक्ट्रॉनांची रांग मंदावते. ऑक्सिजन भरपूर, साखर भरपूर, तरी श्वसन हळू. स्नायूने काम सुरू केले की एडीपी येतो आणि रांग पुन्हा धावू लागते. पेशीत आग किती पेटेल हे समोर किती इंधन पडले आहे यावर मुख्यतः ठरत नाही, कामाची मागणी किती आहे यावर ठरते. माझ्या मते श्वसनाच्या धड्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच असायला हवे, आणि बहुतेक वेळा तेच शिकवायचे राहून जाते.

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटकन कळेल. भरलेली मोट ओढताना बैल धावेवरून दमादमाने उतरतात, कारण नाड्याला पाण्याचे वजन असते. नाडा तुटला तर तेच बैल उधळल्यासारखे धावत सुटतील. पायांचे काम वाढेल, पण थारोळ्यात पाणी येणार नाही.

लुफ्ट यांना शंका आली ती या रुग्णाच्या पेशींत असाच नाडा सैल झाल्याची.

प्रयोगशाळेत काय दिसले

लुफ्ट यांचे भाग्य असे की त्याच शहरात लार्स एर्न्स्टर काम करत होते. मूळचे बुडापेस्टचे हे जीवरसायनशास्त्रज्ञ तंतुकणिकांचे जाणकार होते. बिनथायरॉइडचा हा वाढलेला चयापचय तंतुकणिकांतून येतो का, हे पाहायचे तर माणसाच्या स्नायूचा छोटासा तुकडा घेऊन त्यातून जिवंत, काम करणाऱ्या तंतुकणिका वेगळ्या काढाव्या लागणार होत्या. प्राण्यांच्या यकृतावर हे रोज चालायचे. रुग्णाच्या निदानासाठी ते करणे नवे होते. या पद्धतीबद्दलचा त्यांचा पहिला वृत्तांत १९५९ मध्ये ‘नेचर’ मध्ये आला.

चाचणीची कल्पना सोपी आहे. वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना जाळायला इंधन द्यायचे, फॉस्फेट द्यायचे, ऑक्सिजन द्यायचा, पण एडीपी द्यायचा नाही. निरोगी तंतुकणिका अशा वेळी ऑक्सिजन अगदी संथपणे वापरतात. मग एडीपी टाकायचा. ऑक्सिजनचा खर्च लगेच कैकपट वाढतो, एडीपी संपला की पुन्हा खाली येतो. मागणी आणि श्वसन यांची गाठ किती घट्ट आहे ते या फरकावरून कळते.

या रुग्णाच्या तंतुकणिकांनी एडीपी नसतानाच जवळजवळ पूर्ण वेगाने ऑक्सिजन वापरला. एडीपी टाकल्यावर त्यात फारशी भर पडली नाही. पण, आणि हा ‘पण’ फार मोलाचा आहे, एडीपी मिळाल्यावर त्या एटीपी बनवू शकत होत्या. जोडणी पूर्ण तुटलेली नव्हती, सैल होती. तिची एटीपी बनवण्याची क्षमताच गेली असती तर ती सात वर्षांच्या पुढे जगली असती का, असा प्रश्न पडतो. गेला होता तो ताबा. मागणी नसताना थांबणे त्या तंतुकणिकांना येत नव्हते.

तिसरा पुरावा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. ब्योर्न आफ्झेलिउस यांनी घेतलेल्या चित्रांत स्नायूपेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या दिसल्या. संख्या जास्त, आकार नाना तऱ्हेचे, काही अवाढव्य, आतल्या पटलाच्या घड्या दाटीवाटीने रचलेल्या, कुठे कुठे आत स्फटिकासारखे कण. कमकुवत जोडणीची भरपाई करायला पेशीने कारखानेच वाढवले असावेत, असा अर्थ लावता येतो. तसे असेल तर त्या भरपाईने आगीत आणखी भर घातली असणार.

खाटेवरची लक्षणे, परीक्षानळीतला ऑक्सिजन आणि सूक्ष्मदर्शकातले चित्र, तिन्ही एकाच जागी बोट दाखवत होती. १९६२ चा लेख आजही आदर्श प्रकरण अभ्यास म्हणून वाचावा तो या तिहेरी जुळणीसाठी. यात आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. ही तपासणी सुरू झाली तेव्हा अन्न जाळणे आणि एटीपी बनणे यांना जोडणारा दुवा काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. शास्त्रज्ञ एखाद्या ऊर्जासंपन्न रासायनिक मध्यस्थाच्या शोधात होते. प्रोटॉनांच्या दाबाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, ती मान्य व्हायला वर्षे गेली आणि त्यांना नोबेल मिळाले १९७८ मध्ये. दुवा काय आहे हे कळण्याआधी तो सैल झालेला रुग्ण मात्र ओळखला गेला होता.

हाच बिघाड औषधाने

असा सैलपणा बाहेरून आणता येतो, हे लुफ्ट आणि एर्न्स्टर यांना ठाऊक होते आणि त्यांच्या संशयाला त्याचाच आधार होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार घामाघूम होत, बारीक होत, काही ताप चढून मरत. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या मॉरिस टेन्टर आणि विंडसर कटिंग यांनी तेच रसायन वजन उतरवायला सुचवले. वर्षभरातच अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांनी ते घेतले असा अंदाज होता. वजन उतरले खरे. पाठोपाठ तरुण वयात मोतीबिंदू आले आणि शरीर तापत जाऊन मृत्यू झाले. १९३८ च्या अन्न, औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यानंतर तिथल्या सरकारला ते बाजारातून काढता आले. हे रसायन नेमके काय करते ते १९४८ मध्ये लूमिस आणि लिपमन यांनी दाखवले: श्वसन चालू राहते, एटीपी बनणे तुटते. पुढे कळले की ते पटलातून प्रोटॉन परस्पर आत आणून सोडते. सिंथेजला वळसा घालून.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण हेच रसायन आजही चरबी जाळणारी गोळी म्हणून इंटरनेटवर विकले जाते आणि त्याने माणसे मरतात. त्यावर उतारा नाही. घेणाऱ्याला वाटते आपण शरीराची भट्टी थोडी वाढवतो आहोत. प्रत्यक्षात तो भट्टीचा ताबाच काढून टाकतो, आणि तो किती निघेल हे त्याच्या हाती राहत नाही.

निसर्ग मात्र हा सैलपणा मापात वापरतो. नवजात बाळाच्या पाठीत आणि खांद्यांभोवती असलेल्या तपकिरी चरबीत यूसीपी-१ नावाचे प्रथिन प्रोटॉनांना अशीच आडवाट देते आणि बाळाला न थरथरता ऊब मिळते. फरक एवढाच की थंडी वाजली की ही वाट उघडते आणि ऊब आली की बंद होते.

ऑक्सिजन नसतानाही नियम तोच

मागणीचा हा ताबा फक्त ऑक्सिजनवर चालणाऱ्या श्वसनात असतो, असे कोणाला वाटेल. किण्वनातही, म्हणजे ऑक्सिजनविना साखर आंबण्यातही, तो आहे, आणि तिथे तर तो पन्नास वर्षे आधी दिसला होता.

किण्वनाबद्दल आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पायरुव्हेटपासून अल्कोहोल किंवा लॅक्टिक आम्ल बनते त्या पायरीवर एटीपी मिळत नाही. दोन एटीपी त्याआधीच मिळालेले असतात. मग ही पायरी कशाला? ग्लुकोज तोडताना एनएडी या वाहकावर इलेक्ट्रॉन चढतात. ते उतरवून घ्यायला ऑक्सिजन नसेल तर थोड्याच वेळात रिकामे वाहक संपतात आणि ग्लुकोज तुटणेच बंद पडते. यीस्ट ते इलेक्ट्रॉन ॲसिटाल्डिहाइडवर उतरवते, त्याचे अल्कोहोल होते. आपला स्नायू किंवा दह्यातले जिवाणू ते पायरुव्हेटवर उतरवतात, त्याचे लॅक्टिक आम्ल होते. अल्कोहोल हे यीस्टसाठी वाहक मोकळे करण्याची किंमत आहे.

दोन एटीपी विरुद्ध तीस. एवढ्यावर भागवायचे तर साखर कितीतरी जास्त संपवावी लागणार. लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये हेच नोंदवले: हवा मिळाली की यीस्ट जोमाने वाढते आणि तरी साखर कमी खाते. मागणी तीच, मिळकत वाढली, म्हणून खर्च कमी.

त्याहून बोलका प्रयोग लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांचा. १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते हे दाखवले होते. हार्डन आणि यंग यांना दिसले की हा रस थोड्या वेळाने मंदावतो आणि फॉस्फेट टाकले की पुन्हा फसफसतो. फॉस्फेट संपले की पुन्हा मंद. साखर तोडणे आणि फॉस्फेट जोडणे ही कामे एकमेकांना बांधलेली आहेत, याची ती पहिली खूण होती. मग त्यांनी आर्सेनेट टाकून पाहिले आणि किण्वन नुसतेच जोरात चालू राहिले. कारण पुढे उलगडले. आर्सेनेट फॉस्फेटच्या जागी शिरते, पण त्याने बनलेला पदार्थ टिकत नाही, आपोआप फुटतो. साखर तुटत राहते, त्या पायरीवरचा एटीपी मिळत नाही. स्टॉकहोमच्या रुग्णाच्या तंतुकणिकांत जे घडत होते त्याची ही किण्वनातली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. १९२९ मध्ये हार्डन यांना नोबेल मिळाले, तेही स्टॉकहोममध्येच काम करणाऱ्या हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्यासोबत विभागून.

पुढे काय झाले

या आजाराला लुफ्ट यांचे नाव मिळाले, पण रुग्ण सापडले ते अगदी विरळा. दुसऱ्या रुग्णाचे वर्णन १९७१ मध्ये बैरुतहून आले. त्या स्त्रीवर क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक देऊन पाहिले गेले. यामागचा विचार चतुर होता: तंतुकणिकांची स्वतःची प्रथिने बनवायची यंत्रणा जिवाणूंसारखी असते, तेव्हा जिवाणूंची प्रथिने रोखणारे औषध तंतुकणिकांचीही काही प्रथिने रोखेल आणि अनावर श्वसन थोडे आवरेल. असा उपाय कायमचा असू शकत नाही, कारण त्याच औषधाने अस्थिमज्जेवर घाव बसतो. पण रोगाचे नेमके ठिकाण कळल्याशिवाय असा उपाय कोणाला सुचलाही नसता.

तंतुकणिकांचे आजार आज वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहेत, आणि गंमत अशी की त्यांतले बहुतेक उलट्या दिशेचे आहेत. त्यांत इलेक्ट्रॉनांची रांगच अडते, एटीपी कमी पडतो, पेशी किण्वनावर भागवू लागतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठते. रांग सुसाट आणि जोडणी सैल, असा प्रकार दुर्मिळच राहिला.

२०२२ मध्ये मात्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये एका जुळ्या भावंडांचे प्रकरण आले. दोघे मुलगे एकसारखे जुळे, खाणे भरपूर, वजन कमी. त्यांच्या पेशी ऑक्सिजन जास्त वापरत होत्या आणि तंतुकणिकांच्या पटलावरचा दाब कमी भरत होता. जनुके वाचल्यावर बदल सापडला एटीपी सिंथेजच्या बीटा या घटक प्रथिनाच्या जनुकात, आईवडिलांकडून न आलेला, नव्यानेच झालेला. या बदलाने जोडणी सैल होते हे पटायला आधार मिळाला तो यीस्टचा: सिंथेजच्या त्याच भागात बदल झालेले यीस्ट आधीच अभ्यासले गेले होते, आणि त्यांच्यातही प्रोटॉनांचा दाब व एटीपी बनणे यांची गाठ सुटून श्वसन भरधाव चालत होते.